एका कंपनीची चार सॉफ्टवेअर: सगळ्यांना एकच वळण कसं लावायचं

पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणारी एखादी कंपनी डोळ्यांसमोर आणा. तिचं सगळ्यात जुनं प्रॉडक्ट म्हणजे काउंटरवर चालणारं विंडोज सॉफ्टवेअर. मग पिग्मी एजंटसाठी अँड्रॉइड ॲप आलं, पुढे शाखाधिकारी आणि संचालकांना रिपोर्ट बघायला वेब पोर्टल आलं, आणि शेवटी सभासदांसाठी मोबाइल ॲप. चारही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या टीमने केलेली. शाखेतली क्लार्क सकाळी काउंटरवर बसते, दुपारी एजंटांचं कलेक्शन पोर्टलवर ताळून बघते, आणि मधेच एखादा सभासद खिडकीतून मोबाइल पुढे करून विचारतो, “ताई, परवा भरलेला हप्ता यात का दिसत नाही?” माहिती एकच, पण ती शोधायची रीत तीन ठिकाणी तीन. एका ठिकाणी ‘सेव्ह’, दुसरीकडे ‘जतन करा’, तिसरीकडे ‘सबमिट’. एका ठिकाणी लाल म्हणजे थकबाकी, दुसरीकडे लाल म्हणजे नुसती नावे (डेबिट) बाजू.

अशा कंपनीत ‘यूआय एकसारखा करा’, म्हणजे स्क्रीनचं दिसणं-वागणं एक करा, असं ठरलं की पहिली मीटिंग बहुतेक वेळा लोगो आणि रंगांवर होते. ही सुरुवात चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे. वापरणाऱ्याला रंग वेगळा असल्याचा त्रास फार कमी होतो. तेच बटण दुसऱ्या स्क्रीनवर वेगळं काहीतरी करतं, हा खरा त्रास. आयबीएमने १९८७ मध्ये ‘कॉमन युजर ॲक्सेस’ नावाची नियमावली काढली तेव्हा पडदे मजकुराचे होते, रंगांना फारसा वावच नव्हता. तरी ‘एफ१ म्हणजे मदत’ ही त्यातली सवय आजही कित्येक प्रोग्रॅममध्ये टिकून आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांच्या १९९४ च्या दहा निकषांतही एकसारखेपणाचा निकष चौथा आहे, आणि त्याचा रोख असा की निरनिराळे शब्द, प्रसंग किंवा कृती एकाच अर्थाच्या आहेत का, अशी शंका वापरणाऱ्याला पडू नये. दिसणं महत्त्वाचं आहेच, पण ते वागणुकीच्या मागून यावं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: सगळे स्क्रीन एका जागी आणा

प्रत्येक प्रॉडक्टमध्ये तीच कामं करून बघा: खातं उघडणं, पैसे भरून घेणं, पावती रद्द करणं, चुकीचा पासवर्ड टाकणं, नेट नसताना एंट्री करणं, महिन्याचा रिपोर्ट काढणं. प्रत्येक टप्प्याचा स्क्रीनशॉट घ्या. नुसते सुटे स्क्रीन गोळा केले तर दिसण्यातले फरक सापडतात. काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं तर वागण्यातले फरक सापडतात.

मग हे स्क्रीनशॉट कापून प्रकारवार लावा: बटणं एकीकडे, तारखा एकीकडे, रकमा, टेबलं, एरर, ‘माहिती नाही’ दाखवणारे रिकामे स्क्रीन, लोडिंग, डायलॉग. फिग्मा या डिझाइनच्या टूलमधला बोर्ड चालेल. मला मात्र प्रिंट काढून भिंतीवर लावणं जास्त उपयोगी वाटतं, कारण येता-जाता मॅनेजरही तिथे थांबून बघतात. छापील पावती, पासबुकाची प्रिंट आणि सभासदाला जाणारा एसएमएस हेही त्यात घ्या. हे तीन कुठल्याच डिझायनरच्या यादीत नसतात, पण सभासदाच्या हातात कंपनीचं तेवढंच काम पोचत असतं.

भिंतीशेजारी एक साधी शीट ठेवा. त्यात रकाने असे: कृती, प्रॉडक्ट, बटणावरचं लेबल, दाबल्यावर नेमकं काय होतं, मागे घेता येतं का, कीबोर्डने कसं होतं. चौथा आणि पाचवा रकाना भरायला जुन्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरचा डेव्हलपर आणि शाखांमध्ये जाऊन ट्रेनिंग देणारा माणूस, दोघांनाही बसवा. ट्रेनिंगवाल्याला सगळ्यात जास्त माहीत असतं. ‘इथे हे बटण दाबू नका, तिकडे मात्र दाबा’ असं तो रोज सांगत असतो.

शीट भरली की फरकांचे तीन गट करा. काही फरक नुसते योगायोगाने आलेले असतात: कोपऱ्याची गोलाई, निळ्याच्या सहा छटा. काही फरक कामाच्या गरजेतून आलेले असतात आणि ते राहायलाच हवेत. आणि काही धोक्याचे असतात, म्हणजे ज्यांच्यामुळे पैशाची चुकीची एंट्री पडू शकते. तिसऱ्या गटासाठी डिझाइन सिस्टीम, म्हणजे सामायिक नियम आणि तयार भागांचा संच, तयार होण्याची वाट बघू नका. पुढच्याच रिलीजमध्ये ते काढा.

पायरी २: शब्द आणि वागणूक ठरवा

धोक्याच्या गटातलं एक उदाहरण जवळून बघू. पावती रद्द करायच्या डायलॉगवर प्रश्न असतो, “पावती रद्द करायची आहे का?” खाली दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘ओके’. आता ‘रद्द करा’ म्हणजे पावती रद्द, की रद्द करण्याचा विचारच रद्द? डेव्हलपरने सगळ्या डायलॉगसाठी एकच तयार खिडकी वापरली, तिच्या ‘कॅन्सल’चं भाषांतर ‘रद्द करा’ झालं, आणि व्यवहारातलं ‘रद्द’ त्यावर येऊन आदळलं. यातून सुटायचा नियम सोपा आहे. डायलॉगच्या बटणावर कृतीचं पूर्ण नाव लिहायचं: ‘पावती रद्द करा’ आणि ‘मागे जा’. ‘ओके’, ‘होय’, ‘नाही’ पैशांच्या व्यवहारात वापरायचंच नाही. ‘रद्द’ हा शब्द फक्त व्यवहार रद्द करण्यासाठी राखून ठेवायचा.

याच धर्तीवर कृतींची यादी करा. पतसंस्थेच्या कामात व्हाउचर सेव्ह होणं आणि पास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लार्कने सेव्ह केलं तरी अधिकाऱ्याने पासिंग करेपर्यंत खात्यावर परिणाम होत नाही. पोर्टलवर ‘सबमिट’ असेल तर या दोन्हींपैकी काय झालं ते कळत नाही. म्हणून चारही प्रॉडक्टमध्ये ‘सेव्ह करा’ आणि ‘पास करा’ हेच दोन शब्द, आणि सेव्ह झाल्यावर येणारा संदेश एकच: “व्हाउचर सेव्ह झालं. पासिंग बाकी आहे.” ‘जतन करा’ हे शुद्ध आहे म्हणून हट्ट धरू नका. काउंटरवर लोक ‘सेव्ह केलं का?’ असंच विचारतात. तिथला शब्द घ्या आणि सगळीकडे तोच ठेवा.

एंटर कीचा प्रश्न याहून अवघड आहे. डॉस आणि फॉक्सप्रोच्या काळापासून काउंटरवर एंटर म्हणजे पुढचं फील्ड. नंबर पॅडवर हात ठेवून खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर, अशी बोटांची लय बसलेली असते. वेबवर मात्र एका ओळीच्या फील्डमध्ये एंटर दाबला की ब्राउझर अख्खा फॉर्म पाठवून देतो. तीच क्लार्क पोर्टलवर एंट्री करायला बसली की अर्धवट फॉर्म जातो. इथे ‘वेबचा नियम’ किंवा ‘डेस्कटॉपचा नियम’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. नियम कामावरून ठरवा. एंट्रीच्या फॉर्ममध्ये, मग तो कुठल्याही प्रॉडक्टमध्ये असो, एंटरने पुढच्या फील्डवर जायचं, शेवटच्या फील्डनंतर फोकस (कीबोर्डची निवड) ‘सेव्ह करा’वर थांबायचा, आपोआप सेव्ह व्हायचं नाही. शोधाच्या फॉर्ममध्ये एंटरने शोध सुरू व्हायचा. टॅब दोन्हीकडे चालायलाच हवा. हे चार ओळीत लिहून ठेवलं की दर नव्या स्क्रीनला तोच वाद होत नाही.

एरर संदेशांनाही एक साचा द्या: काय झालं नाही, का, आणि आता काय करायचं. “इनव्हॅलिड इनपुट” ऐवजी “पावती सेव्ह झाली नाही. हे खातं बंद झालेलं आहे. खाते क्रमांक तपासा किंवा सभासदाचं दुसरं खातं निवडा.” संदेश नेहमी त्या फील्डच्या खाली यावा, आणि टाइप केलेलं काही पुसलं जाऊ नये.

पायरी ३: टोकन करा

आता दिसण्याकडे येऊ. रंग, अंतर, अक्षराचा आकार, कोपऱ्याची गोलाई या प्रत्येक निर्णयाला एक नाव देऊन एका फाइलमध्ये ठेवायचं, त्याला डिझाइन टोकन म्हणतात. ही कल्पना सेल्सफोर्समध्ये २०१४ च्या सुमारास रुजली. आता वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या कम्युनिटी ग्रुपने या फाइलचं सामायिक स्वरूप ठरवलं आहे, आणि त्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. आज सुरुवात करत असाल तर त्याच स्वरूपात लिहा.

टोकनचे थर किमान दोन हवेत. खालच्या थरात नुसत्या किमती: निळा-६००, लाल-७००, अंतर-८, अंतर-१६. वरच्या थरात अर्थ: मुख्य कृतीचा रंग, चुकीचा रंग, थकबाकीचा रंग, फॉर्ममधल्या दोन फील्डमधलं अंतर. स्क्रीन लिहिणाऱ्याने फक्त वरचा थर वापरायचा, खालच्या थराला थेट हात लावायचा नाही. हा नियम शिथिल केला की टोकन फाइल म्हणजे नुसती रंगांची यादी होऊन बसते.

अर्थाचा थर का लागतो ते लाल रंगावरून कळेल. नावे बाजू, थकबाकी, फॉर्ममधली चूक आणि ‘पावती रद्द करा’ हे बटण, हे चारही लाल दाखवायचा मोह होतो. पण नावे बाजू ही चूक नाही. आपल्याच खात्यातून काढलेले पैसे लाल रंगात बघून सभासद घाबरतो. चार अर्थांना चार टोकन दिली की पुढे एक बदलताना बाकीची हलत नाहीत. सुरुवातीला दोघांची किंमत तीच असली तरी हरकत नाही. नावे-जमा मी साध्या काळ्या अक्षरात ठेवीन आणि शेजारी ‘नावे’, ‘जमा’ असं लिहीन. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक कमी नाहीत, आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर तर रंग येतच नाही.

दुसरं कारण धंद्याचं आहे. सभासदांचं ॲप प्रत्येक पतसंस्थेला आपल्या नावाने, आपल्या रंगात हवं असतं. तेव्हा ब्रँडचा रंग संस्थेने बदलावा, पण ‘चूक’ आणि ‘थकबाकी’ यांचे रंग बदलता येऊ नयेत. संस्थेने पिवळा निवडला तर त्यावर पांढरं अक्षर वाचता येणार नाही. ही तपासणी माणसावर सोडू नका. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांप्रमाणे साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराला ३ ला १ इतका फरक लागतो. फील्डची चौकट, आयकॉन अशा गोष्टींनाही ३ ला १. बिल्ड होतानाच, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयार होतानाच, हे गणित करा, आणि पांढरं बसत नसेल तर बटणावर काळं अक्षर आपोआप येऊ द्या.

टोकनची मूळ फाइल एकच असावी. ॲमेझॉनने खुलं केलेलं स्टाइल डिक्शनरी हे टूल तिच्यातून वेबसाठी सीएसएस, अँड्रॉइडसाठी रिसोर्स, आयओएससाठी स्विफ्ट अशा वेगवेगळ्या फाइली काढून देतं. जुन्या विंडोज सॉफ्टवेअरसाठी थोडा स्वतःचा कोड लिहून स्थिरांकांची एक क्लास फाइल काढता येते. फिग्मामध्ये २०२३ पासून व्हेरिएबल्स आहेत, तिथेही हीच नावं ठेवा. डिझायनर ‘मेन ब्लू’ म्हणतो आणि डेव्हलपर ‘प्रायमरी’ म्हणतो, अशी स्थिती असेल तर टोकन असूनही नसल्यासारखीच.

पायरी ४: देवनागरीचं स्वतंत्र बघा

परदेशी डिझाइन सिस्टीम उचलून मराठी मजकूर ओतला की सगळ्यात जास्त पडझड इथे होते. गूगलचं मटेरियल डिझाइन २०१४ मध्ये आलं तेव्हा त्यातल्या बटणांची लेबलं सगळी कॅपिटल अक्षरांत होती. देवनागरीत कॅपिटल नाहीत. म्हणजे इंग्रजीत जो ठळकपणा कॅपिटलमुळे येतो तो मराठीत गायब होतो आणि मुख्य बटण दुय्यम बटणासारखं दिसतं. ठळकपणा अक्षराच्या जाडीतून किंवा बटणाच्या भरलेल्या रंगातून आणा, म्हणजे दोन्ही भाषांत तो सारखा राहील.

कॅपिटल अक्षरांसोबत अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवायची पद्धत असते. तेच सेटिंग देवनागरीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं पडतं. मराठीसाठी हे टोकन शून्य ठेवा, आणि कोणी ते बदललं तर तपासणीत अडकू द्या.

ओळीची उंची हा तिसरा मुद्दा. लॅटिन मजकुराला १.२ पट उंची कशीबशी चालते. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यामुळे वरचे-खालचे अवयव कापले जातात किंवा शेजारच्या ओळीला चिकटतात. परिच्छेदाला १.५ ते १.६ ठेवा. बटणाची उंची पक्की करू नका, किमान उंची आणि आतलं अंतर द्या. प्रत्येक कॉम्पोनंट (म्हणजे बटण, फील्ड असा स्क्रीनचा तयार भाग) तपासायला एक कठीण वाक्य ठरवून ठेवा. उदाहरणार्थ: “दऱ्याखोऱ्यांतील सद्गुरू कृषी पतसंस्थेच्या वर्षांपूर्वीच्या कर्जाची मुद्दल”. यात ऱ्या, द्गु, रूकार, र्षां, र्ज, द्द सगळं येतं. हे वाक्य चारही प्रॉडक्टमध्ये नीट दिसलं तर बाकीचं बहुतेक दिसेल.

फाँट एकच ठेवा आणि तो प्रत्येक प्रॉडक्टसोबत पाठवा. नाहीतर विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो, असा त्या-त्या यंत्रणेचा फाँट येतो आणि तीच ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, हिंद किंवा नोटो सान्स देवनागरी, हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत आणि छोट्या आकारातही वाचता येतात. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नीट सांगा. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, तिथे ते भाषेचा कोड बघूनच येतात. तो हिंदीचा दिला असेल तर हिंदी वळण येतं.

जुना डेटा युनिकोडमध्ये नसेल, म्हणजे सभासदांची नावं जुन्या फाँटच्या कोडमध्ये साठवलेली असतील, तर तो आधी बदलून घ्या. ते झाल्याशिवाय वरचं काही लागू पडणार नाही, आणि हे काम वाटतं त्यापेक्षा मोठं असतं.

पायरी ५: कॉम्पोनंट, पण थोडेच

पहिल्या फेरीत पन्नास कॉम्पोनंट करायला बसू नका. बटण, मजकुराचं फील्ड, रक्कम, तारीख, टेबल, डायलॉग, संदेशाची पट्टी. एवढ्यांत पतसंस्थेचं बहुतेक काम बसतं. प्रत्येकाबद्दल दिसण्याबरोबरच हेही लिहा: रिकामं असताना, चुकीचं असताना, बंद असताना, लोड होताना कसं असेल, कीबोर्डने कसं चालेल, स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) काय वाचेल, आणि कधी वापरू नये.

किती खोलात जावं लागतं हे रकमेच्या फील्डवरून दाखवतो. रक्कम उजवीकडे टेकलेली हवी, आणि सगळे अंक सारख्या रुंदीचे हवेत, तरच टेबलात एककाखाली एकक येतो. गट भारतीय पद्धतीचे: १,२५,०००. पैसे नेहमी दोन अंकी. काही लायब्ऱ्यांमध्ये ठरावीक सेटिंग अमेरिकन पद्धतीचं असतं आणि १२५,००० दिसतं. एका रिपोर्टमध्ये असं आणि दुसऱ्यात तसं असेल तर लाख मोजताना चूक होणारच.

आता अंक. ब्राउझरला ‘मराठी, भारत’ ही भाषा देऊन संख्या लिहायला सांगितली तर तो आपणहून देवनागरी अंक देतो. हिंदी सांगितलं तर इंग्रजी अंक देतो. म्हणजे काहीच न ठरवता दोन भाषांच्या पोर्टलमध्ये अंक वेगवेगळे होतात. टाइप करताना याहून मोठी गोम आहे. सभासदाने मराठी कीबोर्डवरून ‘५००’ टाकलं तर जावावर चालणाऱ्या अँड्रॉइड ॲपमध्ये पूर्णांक वाचणारं नेहमीचं फंक्शन ते बरोबर पाचशे वाचतं. जावास्क्रिप्टमध्ये तेच ‘संख्या नाही’ ठरतं, आणि डॉटनेटच्या काउंटर सॉफ्टवेअरमध्ये एरर येतो. एकच इनपुट, तीन उत्तरं. म्हणून कॉम्पोनंटचा नियम असा लिहा: दोन्ही लिपींचे अंक स्वीकारायचे, आत साठवताना एकाच रूपात आणायचे, आणि दाखवताना भाषा-सेटिंगप्रमाणे दाखवायचे. एका स्क्रीनवर दोन लिप्यांचे अंक मिसळायचे नाहीत. मोठ्या रकमेखाली अक्षरी रुपये दाखवा. पावतीवर ते असतातच, स्क्रीनवरही असले की एक शून्य जास्त पडलेलं लगेच लक्षात येतं.

तारखेचंही तसंच. ब्राउझरचं तयार तारीख फील्ड संगणकाच्या भाषेप्रमाणे दिसतं. अमेरिकन इंग्रजी असलेल्या संगणकावर ०३/०४ म्हणजे ४ मार्च, आपल्याकडे ३ एप्रिल. आर्थिक वर्षच ३१ मार्चला बदलतं, तेव्हा या गोंधळात व्यवहार चुकीच्या वर्षात जाऊ शकतो. स्वतःचं फील्ड करा, दिवस-महिना-वर्ष हा क्रम पक्का ठेवा, आणि जिथे जागा आहे तिथे महिना अक्षरात लिहा.

पायरी ६: कुठे वेगळं राहू द्यायचं

विंडोजवर मुख्य बटण आधी आणि ‘मागे जा’ नंतर येतं, मॅकवर मुख्य बटण उजव्या टोकाला असतं. अँड्रॉइडवर मागे जायची स्वतःची रीत आहे, आयफोनवर वेगळी. माणूस दिवसभर आपल्याच कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत नाही, त्याच्या मोबाइलमध्ये बाकीची ॲपही असतात. म्हणून नेव्हिगेशन, शेअर करणं, परवानगी विचारणं अशा गोष्टी त्या-त्या प्लॅटफॉर्मच्या पद्धतीने राहू द्या. शब्द, कृतींचा क्रम, रंगांचे अर्थ, रक्कम आणि तारीख मात्र सगळीकडे एक.

दाटीबाबतही तेच. काउंटरवर एका नजरेत वीस व्यवहार दिसायला हवेत, तिथे ओळी बारीक आणि जवळ असल्या तरी चालतं. पिग्मी एजंट दुकानादुकानांत उभ्याने, उन्हात, एका हाताने ॲप चालवतो. तिथे अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे बटण किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचं मापाचं एकक) हवंच, आयफोनवर ४४ पॉइंट. एका टोकन संचाच्या ‘दाट’ आणि ‘मोकळा’ अशा दोन आवृत्त्या केल्या की हे भागतं.

पायरी ७: कोड पोचवा आणि क्रमाने बदला

नुसती पीडीएफ नियमावली कोणी वाचत नाही. कॉम्पोनंट पॅकेज म्हणून द्या, म्हणजे डेव्हलपरला स्वतः बटण लिहिण्यापेक्षा तयार बटण घेणं सोपं वाटेल. सगळी वेब प्रॉडक्ट एकाच फ्रेमवर्कमध्ये असतील तर त्यातच लायब्ररी लिहा. वेगवेगळ्या फ्रेमवर्कमध्ये असतील तर कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये चालणाऱ्या वेब कॉम्पोनंट्सचा विचार करा. जुन्या विंडोज सॉफ्टवेअरला मात्र लायब्ररी द्यायचा अट्टहास नको. त्याला टोकन, शब्दांची यादी आणि एंटर-टॅबचे नियम द्या. एवढ्यातच ते बाकीच्यांच्या बरंच जवळ येतं. प्रत्येक कॉम्पोनंट स्टोरीबुकमध्ये (कॉम्पोनंट सुटे चालवून दाखवणाऱ्या टूलमध्ये) चालता दिसायला हवा, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत.

जुने स्क्रीन बदलताना स्क्रीननुसार जाऊ नका, कामानुसार जा. ‘पैसे भरून घेणं’ हे काम घेतलं तर त्यातले सगळे स्क्रीन एकाच रिलीजमध्ये बदला. एकाच कामात दोन नवे आणि एक जुना स्क्रीन ही सगळ्यात वाईट अवस्था. सुरुवात त्या प्रॉडक्टपासून करा जिथे तसंही मोठं काम निघालेलं आहे, वेगळं बजेट मागावं लागत नाही. काउंटर सॉफ्टवेअरमधला कुठलाही बदल मार्च-एप्रिलमध्ये पाठवू नका. वर्षअखेरच्या घाईत, पुढे ऑडिटच्या तयारीत, शाखेला नवं काही शिकायला वेळ नसतो.

पायरी ८: कोण सांभाळणार

हे काम ‘सगळ्यांनी मिळून’ सोडलं की दोन रिलीजनंतर थांबतं. एका डिझायनरचा आणि एका डेव्हलपरचा ठरलेला वेळ यासाठी हवा, आणि प्रत्येक प्रॉडक्ट टीममधला एक माणूस त्यांच्याशी जोडलेला हवा. नवा कॉम्पोनंट कोणीही सुचवावा. निदान दोन प्रॉडक्टना लागत असेल तरच तो सामायिक लायब्ररीत घ्यावा, नाहीतर त्या टीमकडेच राहू द्यावा. ब्रिटिश सरकारची गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टीम २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात बाहेरच्या विभागांनी भर घालायची रीत उघड लिहिलेली आहे, आणि अनेक कॉम्पोनंटखाली तो कधी वापरू नये हेही दिलेलं असतं. नमुना म्हणून ती साइट टीमसोबत एकदा वाचून काढा. आपल्याकडे केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी डिजिटल ब्रँड आयडेंटिटी मॅन्युअल आणलं. सरकारी ग्राहकांसाठी काम करत असाल तर आपल्या टोकनचा त्याच्याशी मेळ घाला.

लायब्ररीला व्हर्जन क्रमांक द्या: मोडणारा बदल असेल तर पहिला आकडा वाढतो, नवी सोय आली तर दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा. काही काढून टाकायचं असेल तर आधी ‘बंद होणार’ असा इशारा द्या, पर्याय सांगा आणि तारीख सांगा. टीमने विश्वासाने अपडेट घेतलं आणि स्क्रीन मोडला, असं एकदा झालं की पुढची अपडेट ती टीम घेत नाही.

तपासणी आपोआप होऊ द्या. कोडमध्ये थेट रंग लिहिला तर लिंटने (कोड नियमाप्रमाणे आहे का ते तपासणाऱ्या टूलने) अडवावं. सुलभतेसाठी ॲक्स-कोअर हे तपासणीचं टूल प्रत्येक बिल्डला चालवा. प्रत्येक कॉम्पोनंटचा आधीचा आणि आताचा स्क्रीनशॉट ताडून बघणारी टेस्ट ठेवा, आणि वरचं कठीण मराठी वाक्य तिच्यात असू द्या. यंत्राला जे कळत नाही, म्हणजे शब्द आणि वागणूक, त्यासाठी दर तिमाहीला पहिल्या पायरीतली तीच कामं चारही प्रॉडक्टमध्ये पुन्हा करून बघा, आणि त्या वेळी ट्रेनिंग देणाऱ्याला शेजारी बसवा.

उपयोग होतोय का ते कळायला, काम सुरू करण्याआधीच सपोर्टकडच्या कॉलना एक खूण लावायला सांगा: ‘स्क्रीन समजला नाही’. सपोर्टच्या नोंदींत हा प्रकार वेगळा नसेल तर नंतर तुलना करायला हातात काही राहत नाही. नवीन क्लार्कला काउंटरवर एकटं बसवायला किती दिवस लागतात, हा आकडाही ट्रेनिंगवाल्याकडून लिहून घ्या. पुढच्या वर्षी बजेट मागताना व्यवस्थापनापुढे हे दोनच आकडे ठेवा. किती कॉम्पोनंट झाले, ही माहिती त्यांना नको असते.